झोक्याला वजन कळत नाही, माळवदाला कळतं

नागपंचमीला उमरगा-लोहाऱ्याकडच्या गावांत लिंबाच्या आडव्या फांदीला चऱ्हाट बांधलं जातं. माहेरी आलेल्या लेकी झोका चढवतात. अंगाने भरलेल्या बाईचा झोका हळू येतो की बारकीचा, असा वाद निघालाच तर मोबाइलमधलं घड्याळ काढा. एकीच्या दहा ये-जा मोजा, मग दुसरीच्या. आकडे जवळपास सारखेच निघतील.

चऱ्हाट 4 मीटरचं असेल तर एका ये-जाला 4 सेकंद लागतात, फळीवर कुणीही बसो. 1 मीटरच्या दोरीला दगड टांगला तर 2 सेकंद. वेळ निम्मी करायला दोरी निम्मी करून भागत नाही, पाव करावी लागते. झोका उंच गेला की वेळ किंचित वाढते, पण दोन्हीकडे 45 अंशांपर्यंत गेला तरी जेमतेम शेकडा 4. गॅलिलिओने तर ही वाढ नाहीच असं धरलं होतं.

मग वजन जातं कुठे? जड माणसाला पृथ्वी जास्त जोराने ओढते, पण त्याला हलवायलाही तितकाच जास्त जोर लागतो. फिट्टंफाट.

घराचा हिशेब मात्र असा फिटत नाही. घर म्हणजे उलटा झोका, वजन वर आणि आधार खाली. कललेलं घर सरळ करायला गुरुत्वाकर्षण येत नाही, ते पाडायलाच बघतं. सावरायचं काम भिंतीचं, आणि वर माती टाकली म्हणून भिंतीची पकड वाढत नाही.

आपल्याकडची जुनी घरं माळवदाची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. गळती थांबावी म्हणून वर मातीचे थर चढत गेले. 10 फूट लांब-रुंद खोलीवर दीड फूट माती धरा, वजन सहा-सात टन होतं. जमीन गुरुत्वाच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या त्वरणाने बाजूला सरकली, तर या मातीच्या जडत्वापोटी सव्वा टनाहून जास्त आडवा जोर भिंतीवर येतो. आणि भिंत कशी? मातीत रचलेले दगड, आतला आणि बाहेरचा असे दोन पदर, मध्ये भर. दोन्ही पदरांना बांधणारं काही नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, 3 वाजून 56 मिनिटांनी, भूकंपात हेच घडलं. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, गाव झोपेत. नाव शेजारच्या जिल्ह्यातल्या किल्लारीचं झालं, पण सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवी ही गावं आपल्याच जिल्ह्यातली. भूकंप 6.2 तीव्रतेचा, तोही उथळ. दोन्ही जिल्ह्यांत मिळून सुमारे 10 हजार माणसं गेली. धक्का काही सेकंदांचा होता. थंडी-उन्हापासून आडोसा देणाऱ्या जाडजूड भिंतीच अंगावर आल्या. जाडीला आपण मजबुती समजत होतो, ही चूक फार महागात पडली.

नंतरच्या दुरुस्तीत अभियंत्यांनी सांगितलेले उपाय साधे होते: छपरावरची माती कमी करा, भिंतीत आरपार जाणारे दगड घाला, दारं-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना बांधणारा सळई-सिमेंटचा पट्टा द्या.

माळवद अजून डोक्यावर असेल, तर यंदा पावसाआधी नवा थर टाकू नका. आधी जुनी माती उतरवा.