हिमायत बाग : झाडांनी जपलेला वारसा

नांदेडचे कापूस संशोधन केंद्र ‘एनएचएच ४४’ या संकरित वाणामुळे शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले. लातूरला गळीतधान्य संशोधन केंद्र आहे. दोन्ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या याच विद्यापीठाकडे एक मुघलकालीन बागही आहे.

छत्रपती संभाजीनगरमधली हिमायत बाग!

सुमारे ३०० एकरांच्या या बागेत आज फळ संशोधन केंद्र आणि रोपवाटिका चालते. आंब्याच्या मृदुकाष्ठ कलमासाठी कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, मधोमध खाच घेऊन पाचरीसारखी तासलेली काडी बसवतात आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट आवळतात. हुनर सगळा त्या तासण्यात. दोन्ही साली नीट जुळल्या नाहीत, तर काडी वाळते.

बागेत जुनी शक्कर बावडी आहे. पहाटे शहरातली माणसे इथे फिरायला येतात, पक्षिनिरीक्षकही दुर्बीण घेऊन हजर असतात. किल्ले आणि मकबरे जपण्यासाठी आपण जेवढे हटून बसतो, तेवढाच हट्ट या झाडांसाठीही धरायला हवा. कारण बुरुज पुन्हा बांधता येतो, जुनी आमराई नाही. निदान एका पिढीत तरी नाहीच.