नियंत्रकाचा निरोप आता पडद्यावर

कॅनरी बेटांवरच्या टेनेरिफ विमानतळावर २७ मार्च १९७७ रोजी दाट धुकं होतं. केएलएमच्या जम्बो विमानाने परवानगीविनाच धाव घेतली होती. टॉवर त्याला थांबायला सांगत होता, तेव्हाच त्याच धावपट्टीवरच्या पॅन ॲम विमानाचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं कळवत होता. दोघे एकाच वेळी एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलले आणि केएलएमच्या कॉकपिटमध्ये दोन्ही निरोप कर्कश शिट्टीत बुडाले. टक्कर झाली, ५८३ माणसं गेली. अपघाताला इतरही कारणं होती. पण रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं, ही मर्यादा आजही कायम आहे.

गर्दीच्या आकाशात ती फार जाचते. नियंत्रकाने उंची सांगायची, वैमानिकाने ती शब्दशः परत म्हणायची, चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. विमानं वाढली की आकाशाचे लहान विभाग पाडतात. मग प्रत्येक हद्दीवर फ्रिक्वेन्सी बदलण्याचं बोलणं वाढतं. युरोपने वाहिन्यांमधलं अंतर २५ किलोहर्ट्झवरून ८.३३ वर आणलं. वाहिन्या वाढल्या, पण नियंत्रकाचे कान दोनच राहिले.

म्हणून आली ‘सीपीडीएलसी’, म्हणजे लेखी निरोपांची व्यवस्था. नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट केंद्र बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि वायव्य जर्मनीवरचं २४,५०० फुटांपलीकडचं आकाश सांभाळतं. तिथे ती २००३पासून वापरात आहे. नियंत्रक ठरावीक मजकुरांतून सूचना निवडतो, ती कॉकपिटच्या पडद्यावर उमटते आणि वैमानिक बटण दाबून ‘विल्को’ (पाळतो) किंवा ‘अनेबल’ (शक्य नाही) कळवतो. निरोप त्या एकाच विमानाला जातो, त्यामुळे मिळत्याजुळत्या कॉलसाइनच्या दुसऱ्याने तो उचलण्याची भीती उरत नाही. मात्र संपर्क मध्येच तुटण्याच्या तक्रारी इतक्या आल्या, की युरोपीय संघाला विमानांसाठीची मुदत २०१५वरून २०२०पर्यंत लांबवावी लागली.

आणखी एक किंमत आहे. सामाईक फ्रिक्वेन्सीवर वैमानिक इतरांचंही ऐकत असतो. पुढच्या विमानाला हादरे बसताहेत, कुणी वादळ टाळायला वळतंय, हे त्याला न विचारता कळतं. लेखी निरोपात ही आयती माहिती मिळत नाही.

अरबी समुद्रावर अडचण वेगळी आहे: तिथे गर्दीपेक्षा अंतर आडवं येतं. किनाऱ्यावरचा व्हीएचएफ रेडिओ खोल समुद्रापर्यंत पोचत नाही आणि दूरवर पोचणाऱ्या एचएफ रेडिओवर खरखर फार. तिथे मुंबई केंद्राशी वैमानिक ‘व्हीएबीएफ’ या संकेताने लॉगऑन करून उपग्रहामार्फत लेखी बोलू शकतो.

लेखी उत्तर यायला मात्र वेळ लागतो. धावपट्टी जवळ आली किंवा दोन विमानं एकमेकांकडे सरकू लागली, तर तेवढी सवड नसते. तिथे बोलणंच हवं. फ्रिक्वेन्सी बदला, संकेतांक बसवा, अमुक बिंदूकडे सरळ जा, असे रोजचे निरोप पडद्यावर गेले, तर या तातडीच्या बोलण्याला रेडिओ मोकळा मिळतो. सुधारणेचा खरा लाभ हाच.