आधी इंजिन, मग गाडी

यामाहा व्ही-मॅक्स या मोटरसायकलमध्ये पेट्रोल भरायला गेलेला नवखा माणूस आधी टाकीचं झाकण शोधत राहतो. ते सापडत नाही, कारण समोर दिसते ती टाकी नाहीच. त्या फुगीर आवरणाखाली एअर फिल्टरचा डबा आहे. खरी टाकी सीटखाली आहे, १५ लिटरची. कमरेला आधार देणारा सीटमागचा उंचवटा दुमडला की तिचं झाकण दिसतं. बाजूंना चमकणारे अ‍ॅल्युमिनियमचे कर्णेसुद्धा शोभेचे, त्यांतून इंजिनाला हवा मिळत नाही.

पण ही नुसती सजावटीची हौस नव्हती. चार सिलिंडरांच्या मधल्या खाचेत चार कार्बोरेटर उभे बसवले होते. त्यांना वरून हवा हवी होती आणि हवेच्या डब्याला जागा हवी होती. ती जागा टाकीची होती, म्हणून टाकी हलवली. सगळ्या गाडीची मांडणी अशीच झाली आहे. इंजिनाला जे लागेल ते आधी द्यायचं, बाकीच्यांनी उरलेल्या जागेत बसायचं.

साल १९८५. अमेरिकेत ७०० सीसीच्या वरच्या परदेशी मोटरसायकलींवर १९८३पासून जबर जादा आयातशुल्क होतं. हार्ले-डेव्हिडसनला श्वास घेता यावा म्हणून लावलेलं. तरीही यामाहाच्या अमेरिकी शाखेतले एड बर्क आणि जपानमधले अकिरा अराकी यांना १२०० सीसीचीच गाडी करायची होती. ती खास अमेरिकेसाठी होती. तिकडच्या सरळ, रुंद रस्त्यांवर सिग्नल हिरवा झाला की पहिल्या पाव मैलात कोण पुढे जातो, याला फार मोल होतं. होंडाची व्ही-६५ मॅग्ना दोन वर्षं आधी आली होती. कावासाकीची ९०० सीसीची एलिमिनेटर त्याच वर्षी आली. लांब अंग, बसकी सीट, मागे जाड टायर आणि त्यात स्पोर्ट्स गाडीचं काळीज असा हा सगळा वंश. व्ही-मॅक्स त्यातली सर्वांत आडदांड निघाली.

इंजिन मात्र कोरं नव्हतं. व्हेंचर नावाच्या लांब पल्ल्याच्या, मोठाल्या डिक्क्या लावलेल्या प्रवासी गाडीचं ११९८ सीसीचं व्ही-फोर यामाहाकडे तयार होतं. ७० अंशांचा व्ही, १६ व्हॉल्व्ह, पाण्याने थंड होणारं, शांत स्वभावाचं. त्याचे व्हॉल्व्ह मोठे केले, कॅमशाफ्ट बदलले आणि मग व्ही-बूस्ट जोडलं.

व्ही-बूस्टची युक्ती ऐकायला साधी आहे. एरवी प्रत्येक सिलिंडर स्वतःच्या कार्बोरेटरमधून मिश्रण ओढतो. पुढच्या आणि मागच्या सिलिंडरांच्या इनटेकला जोडणारी एक वाट ठेवली आणि तिच्यात फुलपाखरासारखी झडप बसवली. सहा हजार आरपीएमच्या आसपास एक छोटी मोटर ही झडप उघडू लागते आणि आठ हजारांपर्यंत ती पूर्ण उघडते. जोडीतले दोन सिलिंडर एकाच वेळी ओढत नाहीत, म्हणून ज्याची पाळी असेल त्याला दोन कार्बोरेटरांचं मिश्रण मिळतं. कंपनीच्या दाव्यानुसार त्यातून १४५ अश्वशक्ती निघत होती. फ्रान्समध्ये मोटरसायकलींना १०० अश्वशक्तीची मर्यादा होती, त्यामुळे तिथल्या गाड्यांना हे सुख मिळालं नाही.

१९८५च्याच अखेरीस आपल्याकडे एस्कॉर्ट्सने यामाहाची आरएक्स-१०० आणली. तिच्या पिकअपच्या आठवणीने आजही कित्येकांचे डोळे लकाकतात. ती शंभरएक किलोंची आणि ११ अश्वशक्तीची. व्ही-मॅक्स पेट्रोल-तेलासह पावणेतीनशे किलोंच्या वर, पण किलोमागे तिची ताकद जवळजवळ पाचपट होती. पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, ते अंतर ती उभ्या जागेवरून सुमारे ११ सेकंदांत कापायची. कमरेमागचा तो उंचवटा आरामासाठी नव्हता. तो नसता तर चालवणारा मागे घसरला असता.

आरपीएमचा काटा त्या खोट्या टाकीवर, मांड्यांजवळ आहे. तो पाहायला मान पूर्ण खाली घालावी लागते आणि नेमक्या त्या क्षणी रस्त्यावरची नजर काढणं परवडत नाही. म्हणून व्ही-बूस्ट कानांनी ओळखायचं असतं. घरघर चिरकत वर चढते, हात लांबतात, हँडल हलकं होतं.

आणि मग वळण येतं.

खरी व्ही-मॅक्स इथे भेटते असं मला वाटतं. पुढच्या फोर्कच्या नळ्या अवघ्या ४० मिलिमीटरच्या, दोन चाकांमधलं अंतर १५९० मिलिमीटर, फ्रेम स्टीलच्या नळ्यांची. एवढ्या ताकदीला हे सगळं अपुरं होतं. वेगात लांब वळण घेताना गाडी मधोमध लचकते, डोलू लागते. हँडल आवळून धरलं तर डोलणं वाढतं, कारण आपल्याच हातांचा ताण फोर्कमध्ये उतरतो. बोटं सैल ठेवायची, गुडघ्यांनी गाडी धरायची.

त्यात चेनऐवजी शाफ्ट. मूठ पिळली की शाफ्टच्या टोकाचा दातेरी गियर मोठ्या गियरवर चढू पाहतो आणि गाडीची मागची बाजू वर उचलली जाते. मूठ सोडली की ती खाली बसते. सरळ रस्त्यावर हे जाणवून सोडून देता येतं. वळणात गाडी कललेली असताना घाबरून मूठ सोडली, तर मागची बाजू खाली येते, जमिनीपासूनचं अंतर कमी होतं आणि फूटपेग घासतो. म्हणजे भीतीने जे करावंसं वाटतं तेच इथे चुकीचं. वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात मूठ किंचित उघडी ठेवायची आणि बाहेर पडताना पिळायची. हे कोणत्याही गाडीवर बरोबरच आहे, पण इतर गाड्या चूक पोटात घालतात. व्ही-मॅक्स घालत नाही आणि म्हणूनच तिच्यावर शिकलेला माणूस पुढे कोणतीही गाडी मऊ हाताने चालवतो.

१९९३मध्ये यामाहाने ऐकलं. फोर्क ४३ मिलिमीटरचे झाले, पुढच्या ब्रेकच्या तबकड्या मोठ्या झाल्या. फ्रेम तीच राहिली. ही गाडी २००७पर्यंत फारशी न बदलता बनत राहिली. त्यानंतर १६७९ सीसीची, अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची, सुमारे २०० अश्वशक्तीची नवी व्हीमॅक्स आली. ती शक्तीने मोठी, वळणात कितीतरी शहाणी. तिच्याबद्दल मला आदर आहे, पण जीव जुनीवर आहे.

या वंशाचा एक धागा आपल्या पुण्यापर्यंतही आला. २००१मध्ये बजाजने कावासाकीची एलिमिनेटर १७५ सीसीच्या रूपात आणली. लांब अंग, बसकी सीट तीच, फक्त काळीज आपल्या रस्त्यांना आणि खिशाला झेपेल असं. पाय पुढे सोडून सैल बसायची सवय आपल्याकडच्या कित्येकांना तिनेच लावली.

जुन्या व्ही-मॅक्सच्या मालकांनी मात्र कारखान्याने सोडलेलं काम हाती घेतलं. कुणी फ्रेमला आडव्या पट्ट्या जोडल्या, कुणी फोर्कमध्ये कडक स्प्रिंगा घातल्या. सगळ्यांत स्वस्त आणि गुणकारी उपाय मात्र हँडलखालच्या बेअरिंगचा. पुढचं चाक जमिनीवरून उचलायचं, हँडल मधून एका बाजूला हलकेच ढकलायचं आणि ते कडेला आपटून किती वेळा मागे उसळतं ते मोजायचं. जास्त उसळलं तर बेअरिंग सैल, अजिबात उसळलं नाही तर फार घट्ट. नट पाव फेरी पिळायचा, पुन्हा ढकलायचं, पुन्हा मोजायचं.