जुन्या स्टेशनला नवं छत, पण भिंतीवर भार शून्य! हे कसं जमलं?

सीएसएमटीसारख्या वारसा स्टेशनला नवा हॉल जोडायचा, तर त्याचं छत टेकवायचं कुठे? जुन्या भिंतीवर जास्तीचा भार टाकणं धोक्याचं. मला हा प्रश्न नेहमी पडायचा. त्याचं एक भारी उत्तर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवर मिळतं.

हे स्टेशन १८५२ मध्ये सुरू झालं. पुढे प्रवासी वाढले, म्हणून १९७० च्या दशकात दर्शनी भागासमोरच एक बुटका हॉल बांधला. जागेची सोय झाली, पण स्टेशनचा चेहराच झाकला गेला!

२०१२ मध्ये ही चूक सुधारली. वास्तुविशारद जॉन मॅकअस्लन यांच्या फर्मने नवा अर्धगोल हॉल पश्चिमेच्या बाजूला उभारला. त्याचं स्टीलचं छत जुन्या विटांच्या इमारतीला अगदी खेटून आहे, पण तिच्यावर टेकत नाही. इमारतीजवळ एक मोठा खांब झाडासारखा वर जाऊन फांद्या पसरतो, तर बाहेरच्या कडेला १६ खांब आहेत. तिरक्या स्टीलची जाळी सगळं वजन या खांबांकडे नेते आणि तिथून ते जमिनीत उतरतं. खाली भुयारी रेल्वेचा तिकीट हॉल, त्यामुळे हवे तिथे खांब रोवणंही शक्य नव्हतं.

नंतर समोरचा तो बुटका हॉल पाडला आणि जुना चेहरा पुन्हा मोकळा झाला.

आता कुठल्याही स्टेशनच्या नव्या डिझाइनचा फोटो आला, की मी झूम करून दोनच गोष्टी बघतो: भार कुठे उतरतोय? आणि जुनी इमारत दिसतेय का? तुम्हीही बघा.