दुकानातील संगणकावर नजर : किती आणि कशी?

भिवंडीत कापडाचा धंदा असो, मुंब्र्यात दुकान असो की डोंबिवली एमआयडीसीत छोटा कारखाना, खातेवही आता संगणकात गेली आहे. बिले, उधारी, गिऱ्हाइकांचे नंबर, खरेदीचे भाव सारे त्यातच. मालक मालासाठी बाहेर आणि संगणकासमोर हिशेबनीस. अशा वेळी कोणीतरी सुचवतो, ‘एक सॉफ्टवेअर टाका, सगळे मोबाईलवर दिसेल.’ व्यापारी बंधूंनी पैसे मोजण्यापूर्वी थोडा विचार करावा.

ही सॉफ्टवेअर साधारण चार कामे करतात. ठरावीक मिनिटांनी पडद्याचे चित्र टिपणे, कोणता प्रोग्राम व कोणती वेबसाइट किती वेळ उघडी होती याची नोंद ठेवणे, पेन ड्राइव्हवर फाइल उतरवली गेल्यास कळवणे आणि कीबोर्डवर दाबलेले प्रत्येक बटण टिपून ठेवणे. यातले चौथे काम सर्वांत धोक्याचे. हिशेबनीसाने जेवणाच्या सुट्टीत स्वतःचे बँक खाते उघडले, तर त्याचा पासवर्डही मालकाच्या हाती येतो. उद्या त्या खात्यातून पैसे गेले, तर पहिला संशय कोणावर येईल? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी खाली तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

म्हणून आधी स्वतःला विचारावे, आपली भीती नेमकी कशाची? हिशेबात फेरफार होतो अशी शंका असेल, तर हेरगिरीची गरजच नाही. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये प्रत्येकाला वेगळे नाव व पासवर्ड देता येतो आणि कोणती नोंद कोणी, केव्हा बदलली हे पाहता येते. कंपन्यांना तर १ एप्रिल २०२३ पासून अशी बदलनोंद ठेवणारेच सॉफ्टवेअर वापरणे बंधनकारक आहे. गिऱ्हाइकांची यादी बाहेर जाण्याची भीती असेल, तर पेन ड्राइव्ह बंद करून घ्यावा. बहुतेक दुकानांना एवढे पुरते.

तरीही सॉफ्टवेअर घ्यायचेच असेल, तर आधी एकाच संगणकावर काही दिवस चालवून पाहावे. टिपलेली चित्रे आपल्याच संगणकात राहतात की कंपनीच्या सर्व्हरवर जातात? ती किती दिवसांनी पुसली जातात? बटणे टिपण्याची सोय बंद करता येते का? दर संगणकामागे वर्षाला किती पैसे, आणि जुना संगणक त्याने मंदावतो का? फुकटात मिळणारी चोरीची प्रत मात्र कधीही टाकू नये. दुसऱ्यावर नजर ठेवण्याच्या नादात आपलेच हिशेब परक्याच्या हाती पडतील.

आता नीतीचा प्रश्न. संगणक मालकाचा, हे खरे. पण त्यासमोर बसलेला माणूस मालकीचा नव्हे. ‘सूरह हुजुरात’मध्ये इतरांच्या खासगी गोष्टींचा शोध घेण्यास मनाई आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने रुमानियातील एका कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला. नजर कशी व किती ठेवली जाईल हे त्याला आधी सांगितले होते का, हे तेथील न्यायालयांनी नीट तपासले नव्हते. आपल्याकडील २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने मालकाला धंद्याची गुपिते जपण्यासाठी माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. पण ती मुभा कामापुरती आहे, माणसाच्या घरच्या गोष्टींसाठी नव्हे.

मर्यादा सुटली की काय होते, हे ठाण्याने पाहिले आहे. २०१८ च्या सुरुवातीस ठाणे पोलिसांनी लोकांच्या मोबाईल कॉलचे तपशील बेकायदा मिळवून विकल्याच्या आरोपावरून काही खासगी गुप्तहेरांना अटक केली होती.

सबब, जे करायचे ते उघड करावे. काय टिपले जाईल, कोण पाहील, किती दिवस राहील, हे एका कागदावर मराठीत लिहून हिशेबनीसाला वाचून दाखवावे व त्याची सही घ्यावी. जी गोष्ट त्याला तोंडावर सांगण्याचा संकोच वाटतो, ती करूच नये. दुकानाचा हिशेब त्याच्या हाती जशी अमानत आहे, तशीच त्याची अब्रू मालकाच्या हाती अमानत आहे.