कौशल्याचा डाव आणि पैशाची बाजी

पांझरेच्या पलीकडच्या तीरावरील देवपूर म्हणजे धुळे शहराचा महाविद्यालयांचा आणि विद्यार्थ्यांचा परिसर. महाराष्ट्रातील इतर अनेक गावांप्रमाणे येथील तरुणांतही गेली काही वर्षे आयपीएलच्या प्रत्येक सामन्यापूर्वी एकाच प्रश्नाचा खल चाले: अमुक खेळाडूला आपल्या संघात घ्यावे की वगळावे? हा संघ मैदानावरचा नव्हे, तर दूरध्वनीच्या पडद्यावरचा. ठराविक गुणांच्या मर्यादेत अकरा खेळाडू निवडायचे, त्यांतील एकाला कर्णधार करून त्याचे गुण दुप्पट करून घ्यायचे आणि प्रत्यक्ष सामन्यातील धावा व बळी यांवर आपले यशापयश ठरू द्यायचे, असे या फँटसी क्रिकेटचे स्वरूप. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि ड्रीम11 सारख्या कंपन्यांनी प्रवेशशुल्काच्या स्पर्धा बंद केल्या. तथापि, या खेळाने उभा केलेला मूळ प्रश्न त्यामुळे मिटला असे म्हणता येणार नाही.

खेळाडूची निवड हे बुद्धीचे काम आहे, हे मान्य केलेच पाहिजे. खेळपट्टी फिरकीला साथ देणारी आहे काय, फलंदाज कितव्या क्रमांकावर येतो, दुखापतीतून उठलेला गोलंदाज आपली सर्व षटके टाकील काय, याचा विचार करणारा आणि केवळ आवडत्या नावावर बोट ठेवणारा हे दोघे सारखे नव्हेत. या खेळाचा उगमही अशाच जाणकारांच्या विरंगुळ्यात आहे. अमेरिकन फुटबॉलमधील ओकलंड रेडर्स संघाचे एक भागीदार विल्फ्रेड विंकेनबाख यांनी 1962 मध्ये आपल्या सहकाऱ्यांसह त्याची नियमावली बांधली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने चालविलेल्या खेळात पंधरा खेळाडूंतून अकरा उतरवावे लागतात व उरलेल्यांना बाकावर बसवावे लागते. साठ मिनिटे खेळणाऱ्यास उपस्थितीचे दोन गुण मिळतात, त्याहून कमी खेळणाऱ्यास एकच. त्यामुळे अर्ध्या तंदुरुस्तीचा नामवंत खेळवावा की पूर्ण तंदुरुस्तीचा सामान्य, या पेचात खरोखरच विचारशक्तीचा कस लागतो.

आपल्याकडील न्यायालयीन वादही याच मुद्द्याभोवती फिरला. बक्षिसांच्या शब्दकोडी स्पर्धांविषयीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये असे ठरविले की, ज्या स्पर्धेत यश मोठ्या प्रमाणात कौशल्यावर अवलंबून असते, ती जुगारात जमा होत नाही. त्याच कसोटीवर मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये फँटसी क्रिकेटला कौशल्याचा खेळ मानले. नव्या कायद्याने मात्र ही कसोटीच बाजूस सारली आहे. खेळ कौशल्याचा असो, नशिबाचा असो वा दोहोंचा, पैसे लावून तो ऑनलाइन चालविण्यास बंदी आहे. चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला मात्र शिक्षा नाही.

कौशल्याच्या खेळाला जुगाराच्या पंक्तीस का बसवावे, असा आक्षेप यावर घेतला जातो. तो सकृद्दर्शनी रास्त वाटतो. परंतु कौशल्य आहे म्हणून नवख्याचे रक्षण होते, हे त्यामागचे गृहीतकच चुकीचे आहे. वस्तुतः घडते ते उलट. निव्वळ नशिबाच्या सोडतीत अडाणी आणि जाणकार यांना समान संधी असते. कौशल्याच्या खेळात मात्र आकडेमोड करून अनेक संघ उतरविणारा मुरलेला खेळाडू वरचढ ठरतो आणि हौशी विद्यार्थी अधिक नेमाने हरतो. त्यातच सर्वांच्या प्रवेशशुल्कातून आधी कंपनीचा वाटा निघतो व उरलेली रक्कम बक्षिसांत वाटली जाते. म्हणजे खेळणाऱ्यांनी मिळून जेवढे घातले, त्याहून कमीच त्यांच्याकडे परत येते. ऑनलाइन पैशांच्या सर्व खेळांमुळे सुमारे 45 कोटी लोकांना झळ पोचली व वीस हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले, असा अंदाज सरकारने कायद्याच्या वेळी मांडला होता.

खानदेशातील शेतकरी जूनमध्ये कपाशीची सरकी टोचतो, तोही अपुऱ्या माहितीवर निर्णय घेतो, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पाऊस ताणला तर दुबार पेरणी त्याच्या नशिबी येते. पण त्याचा अंदाज बरोबर ठरला, तर घरात कापूस येतो आणि त्यासाठी शेजाऱ्याचे शेत उजाड व्हावे लागत नाही. पडद्यावरच्या संघातून नवे काहीच पिकत नाही. एकाच्या खिशातले दुसऱ्याच्या खिशात तेवढे जाते.

असे असले तरी केवळ बंदीवर विसंबणे भोळेपणाचे ठरेल. जुगारविरोधी कायदा मुंबई इलाख्यात 1887 पासून होता. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मटक्याचा आकडा गावोगावी पोचला. वैध दार लागले की चोरवाट शोधणारे निघतात, आणि चोरवाटेवर बुडालेल्या पैशाची दाद कोणाकडे मागायची हा प्रश्नच असतो. यास्तव पोलिसी कारवाईइतकीच गरज आहे ती तरुणांच्या या आवडीला निर्धोक वाट देण्याची. प्रीमियर लीगचा खेळ विनामूल्य आहे आणि तरीही तो जगभर चवीने खेळला जातो. म्हणजे निवडीचा आनंद पैशावाचून टिकतो. महाविद्यालयांनी अशा विनाशुल्क स्पर्धा आपल्याच आवारातील सामन्यांवर घ्याव्यात, संख्याशास्त्राच्या वर्गात सरासरी आणि संभाव्यता याच उदाहरणांनी शिकवावी. खेळाडू घ्यावा की वगळावा यावर डोके लढविणाऱ्या तरुणाला एक गणित त्याआधी करता आले पाहिजे: या डावात आपण बाजी लावतो आहोत की आपल्यावर बाजी लावली जात आहे. ते गणित शिकविण्याची जबाबदारी कायद्याची नव्हे, समाजाची आहे.