समुद्र चढतो की जमीन खचते?

समुद्राची पातळी सगळीकडे सारखीच वाढते, असा आपला समज असतो. पण आपल्याच देशाच्या दोन किनाऱ्यांची गोष्ट पाहा. मुंबईच्या अपोलो बंदरावर 1878 ते 2005 या काळात पाणी वर्षाला सरासरी 1 मिलिमीटरपेक्षाही कमी चढले. कोलकात्याच्या दक्षिणेला, हुगळीकाठी असलेल्या डायमंड हार्बरला 1948 ते 2005 या काळात मात्र हाच वेग जवळपास 5 मिलिमीटर होता.

असे का व्हावे? समुद्राचे पाणी सर्वत्र सारखे तापत नाही, म्हणून ते सारखे फुगतही नाही. वारे आणि प्रवाह त्याला कधी या, तर कधी त्या किनाऱ्याकडे लोटतात. पण बंगालमध्ये मोठे कारण पायाखाली आहे. मुंबई काळ्या कातळावर वसली आहे, तर कोलकाता गंगेने हजारो वर्षे आणून टाकलेल्या गाळावर. हा गाळ स्वतःच्याच भाराने दबत जातो. त्यात भूजलाचा वारेमाप उपसा झाला, की जमीन आणखी खचते. पाणी मोजण्याची पट्टी जमिनीतच रोवलेली असते. त्यामुळे जमीन खाली गेली, तरी नोंद होते ती पाणी चढल्याचीच!

किनाऱ्यावरच्या माणसाला हा फरक जाणवत नाही. पाणी दोन्ही प्रकारे त्याच्याच दारात येते. हुगळीच्या मुखाजवळचे लोहाचरा बेट बुडाले. शेजारच्या घोडामारा बेटाचाही बराचसा भाग धूप होऊन गेला आणि तिथल्या अनेक कुटुंबांना सागर बेटावर नव्याने संसार मांडावा लागला.

म्हणूनच बांध किती उंच घालायचा, हे जगाच्या सरासरीवरून ठरवता येत नाही. त्यासाठी आधी तिथली जमीन मोजावी लागते.